जुनी कानस घरच्या चुलीत नरम होते का? (लाकडाच्या आगीवर ॲनिलिंग)

रंधेवाला, इंदूर

नमस्कार मंडळी, आजवर नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. सुतारकामाचा नाद आहे, राजेंद्र नगरात घरामागे टपरीएवढी जागा आहे तिथे खुडबुड चालते. भंगारवाल्याकडून जुन्या कानशी किलोच्या भावानं उचलल्यात, चांगल्या जाड, दात गेलेल्या. त्यातून एक आखणीचा चाकू, एक लहान रंध्याचं पातं आणि जमलं तर पटाशी करायचा बेत आहे. आता गंमत अशी की चाकूच्या मुठीला रिव्हेट मारायला दोन भोकं पाडायची तर ड्रिल बिट नुसतं किंचाळतं आणि त्याचंच टोक जातं, हॅकसॉ तर काचेवरून फिरवल्यासारखा घसरतो. ग्राइंडरने आकार येईल हो पण भोकाचं काय. सगळे म्हणतात आधी ॲनिल कर, म्हणजे तापवून नरम कर. माझ्याकडे गॅसची भट्टी नाही आणि एवढ्याशा कामासाठी घेणारही नाही. अंगणात बाफल्यांसाठी (कणकेचे भाजलेले गोळे) केलेली विटांची चूल आहे, बाभळीची सुकी लाकडं आहेत, केस वाळवायचा जुना ड्रायर आहे (घरातून परवानगी मिळालीये, तोंडी). तर लाकडाच्या आगीत हे खरंच होतं का, किती तापवायचं, आणि मुख्य म्हणजे थंड कसं करायचं? यूट्यूबवर एक जण वाळूत पुरतो, एक चुन्यात, आणि एक महाशय तर सरळ पाण्यात टाकत होते.

अट्टल_भिया, इंदूर

भिया, बाफले आधी काढून घ्या मग कानस टाका, उलटं केलं तर दात तुमचे जातील. अपन शेव-परमल घेऊन बसलो इथेच, चालू द्या.

ऐरण, देवास

एवढा विचार कशाला करून राहिले दादा. कानस लाल करा, राखेत पुरा, सकाळी काढा. पाणी उतरलेलं असतं, म्हणजे कडकपणा गेलेला. आमच्या गावात लोहार गाडीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पट्ट्याचं हेच करतो, आणि रस्त्याकडेला गाडिया लोहार बसतात त्यांच्याकडे तर भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा आणि हाताने फिरवायचा पंखा, त्यात ते कुऱ्हाडीसुद्धा करतात. पाण्यात टाकणाऱ्याचं ऐकू नका, त्याने परत कडक होईल.

रंधेवाला

धन्यवाद ऐरण दादा. पण लाल म्हणजे किती लाल? दुपारी करून बघायला गेलो तर मला ती लाल आहे की नाही हेच कळेना.

भट्टीकाका, इंदूर

दुपारी नाही कळणार. ऊन उतरल्यावर करा, किंवा चुलीवर पत्र्याची सावली करा. उन्हात जे पोलाद काळं दिसतं ते सावलीत चांगलं लाल असतं, आणि उन्हात लाल दिसेपर्यंत तापवत बसलात तर प्रत्यक्षात नारिंगी करून बसता. माझी सगळी नोकरी पिथमपूरला हीट ट्रीटमेंटमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कानशीत कार्बन साधारण १ ते १.२ टक्के. कारखान्यात ती लाल करून झटकन थंड केलेली असते, त्यामुळे आतला कार्बन जागच्या जागी अडकतो आणि सगळी रचना ताणलेली राहते, तिला मार्टेन्साइट म्हणतात. कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ६० च्या पुढे जाते ती. तुमचं एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल स्वतः ६३ ते ६५ च्या घरात. एवढ्याशा फरकावर ते काय कापणार, किंचाळणारच.

नरम करायला दोन रस्ते आहेत आणि लोक दोन्हीची खिचडी करतात म्हणून सगळा गोंधळ. पहिला रस्ता, ६५० ते ७०० अंशांच्या मध्ये, म्हणजे सावलीत मंद गडद लाल, तिथे तासभर धरून ठेवायचं. यात मूळ बदल घडवणाऱ्या तापमानाच्या आपण खालीच राहतो. अडकलेला कार्बन हळूहळू बाहेर पडतो आणि त्याचे बारीक बारीक गोळे होतात, पोलाद कापण्याजोगं होतं. यात नंतर थंड कसं केलं याला फारसं महत्त्व नाही, हवेत ठेवलं तरी चालतं. दुसरा रस्ता, त्या बदलाची ७२७ अंशांची रेषा थोडी ओलांडायची, ७४० ते ७६० पर्यंत, सगळ्या तुकड्याला ती उष्णता आतपर्यंत पोचू द्यायची आणि मग अगदी सावकाश खाली आणायचं. इथे मात्र थंड करणं हेच सगळं काम. भट्टीत आम्ही अशा पोलादाला ताशी २० अंशांच्या आसपास उतरवायचो, म्हणजे साडेपाचशेपर्यंत यायलाच अख्ख्या पाळीपेक्षा जास्त वेळ जायचा, त्याखाली आलं की मग बाहेर काढलं तरी बिघडत नाही.

राखेत ताशी २० अंश मिळत नाहीत, पातळ कानस तर राखेतसुद्धा बरीच लवकर उतरते. म्हणून पुस्तकातलं पूर्ण ॲनिलिंग चुलीत होत नाही, पण तुम्हाला पुस्तक नाही भोक पाडायचंय. आणि चुलीत एक सोय आहे जी विसरू नका. कानस बाहेर काढून राखेत पुरायचीच कशाला? लाल झाली की तिथेच निखाऱ्यात राहू द्या, हवा बंद करा, वरून निखारे आणि राख ओढा आणि झोपायला जा. आग मरायला जितका वेळ घेते तितका वेळ कानसही घेते. पहिला रस्ता आणि दुसरा रस्ता दोन्ही त्यात आपोआप येतात.

ऐरण

काका तुमच्या अनुभवाचा आदर आहे पण आमचा लोहार चांगली नारिंगी करतो, मंद लाल वगैरे नाही, आणि त्याचा पट्टा मस्त नरम होतो, वाकवा कसाही. मग ७६० ची मर्यादा कशाला?

भट्टीकाका

कारण त्याच्या हातात कमानीचा पट्टा आहे आणि रंधेवाल्यांच्या हातात कानस. कमानीच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६५ वगैरे, त्याला साडेआठशेपर्यंत नेलं तरी चालतं, उलट न्यावंच लागतं पूर्ण बदलायला. कानशीत कार्बन जास्त. तिला नारिंगी करून सगळा कार्बन विरघळवला आणि मग सावकाश थंड केलं तर जादा कार्बन कणांच्या सीमांवर जाऊन बसतो, कार्बाइडची जाळी तयार होते. कापायला नरम वाटेल, पण नंतर धार लावून वापरायला गेलात की टोक खापरीसारखं निघतं आणि लोक म्हणतात कानस भंगार होती. शिवाय जास्त तापवल्याने कण मोठे होतात ते वेगळंच. लोहाराचं त्याच्या पट्ट्यासाठी बरोबर आहे. एकच माप सगळ्याला लावू नका इतकंच.

ऐरण

हे माहीत नव्हतं. पटलं.

रंधेवाला

काका, ७४० ते ७६० मी ओळखणार कसं? थर्मामीटर कुठून आणू.

भट्टीकाका

लोहचुंबक. जुन्या स्पीकरचं चुंबक काढून लांब तारेला बांधा, चुंबक स्वतः आगीत धरू नका, ते तापून मरतं. साध्या कमी कार्बनच्या लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना जातं, पण कानशीसारख्या पोलादात रचना बदलली की तेव्हाच जातं, म्हणजे ७३० पार झाल्या झाल्या. तुम्हाला नेमकी तीच जागा हवी आहे. चुंबक चिकटायचं थांबलं की ड्रायर बंद. त्यापुढे एक पाऊल नको.

वरची मर्यादा बघायची असेल तर मीठ. खायचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. भंगाराचा एखादा तुकडा कानशीशेजारी ठेवा, त्यावर चिमूट टाका, पाणी झालं तर तुम्ही जास्त तापवलंय. कानशीवर थेट टाकू नका, गंज धरेल.

के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) ऑनलाइन मिळतं, पण मल्टिमीटरबरोबर जी कापडी वायर येते ती या कामाची नाही, तिचं आवरण आधी जळतं. घ्यायचंच तर धातूच्या नळीतलं घ्या.

तांबूस, बडोदा

इथे एक शंका. मी तांब्यापितळेचं काम करते, घडे, तपेली, त्यावर ठोक्याची नक्षी. आम्ही तांबं लाल करून सरळ पाण्यात बुडवतो आणि ते लोण्यासारखं नरम होतं. पाण्यात टाकणारे महाशय तांबंच करत नव्हते ना?

भट्टीकाका

ताई, तांब्याचा हिशोब वेगळा. ते ठोकून कडक होतं, तापवलं की नवे कण तयार होतात आणि नरम होतं, थंड कसंही करा. पाण्यात टाकलं तर वरची काजळीही निघते, तुमची पद्धत एकदम बरोबर. कार्बनच्या पोलादातच हा पाण्याचा धोका. आणि ३०४ सारखं स्टेनलेस असेल तर आणखी उलटं, त्याला हजाराच्या वर नेऊन पटकन थंड करावं लागतं, सावकाश केलं तर त्याचा गंजरोधक गुण कमी होतो. ते चुलीत करायच्या भानगडीत पडू नका.

अट्टल_भिया

म्हणजे तांबं पाण्यात नरम, कानस पाण्यात कडक, आणि स्टीलचा चमचा काहीही केलं तरी नाराज. समजलं.

शेगडीवाली, इंदूर

आम्ही फ्लॅटवाले काय करायचं? सुदामा नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची आहे, सोसायटीला कळलं तर बैठकच बोलावतील. मला फक्त कोरीव कामाची दोन छोटी हत्यारं बनवायचीत, बोटभर लांबीची. कोळशाची शेगडी आहे माझ्याकडे, मक्याची कणसं भाजायची.

ऐरण

बोटभर हत्याराला शेगडी पुष्कळ झाली. लाकडी कोळसा भरा, खालच्या तोंडाला ड्रायर लावा, पण पूर्ण जोरात नको, कोळसा आणि हवा जास्त झाली तर पोलाद ठिणग्या टाकत जळतं, डोळ्यांदेखत टोक गायब होतं. दगडी कोळसा नको, त्याचा धूर अख्ख्या बिल्डिंगला कळतो आणि त्यात गंधक असतं.

भट्टीकाका

दोन गोष्टी शेगडीवाल्या ताईंसाठी. शेगडी गच्चीच्या स्लॅबवर किंवा टाइल्सवर थेट ठेवू नका, खाली विटा आणि त्यावर सुक्या वाळूचा थर द्या. काँक्रीटमध्ये ओल असते, एका जागी तापलं की वाफ होऊन कपचे उडतात. नदीतले गोटे चुलीला लावणारेही पाहिलेत, तेही तसेच फुटतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हत्यार रात्रभर थंड व्हायला ठेवायचं म्हणून निखाऱ्यांची शेगडी उचलून घरात, बाथरूममध्ये, पॅसेजमध्ये आणून ठेवायची नाही. राखेखालचा निखारा धूर सोडत नाही पण कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, त्याला वास नाही, दर थंडीत यात लोक जातात. उघड्यावरच राहू द्या, पाऊस असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

शेगडीवाली

हे बरं झालं सांगितलंत. मी खरंच पॅसेजमध्ये ठेवायचा विचार करत होते.

वैद्यबुवा_नव्हे, ग्वाल्हेर

कोणी गोवऱ्यांबद्दल बोललंच नाही? तुमच्या माळव्यात कंड्यांवरच तर बाफले होतात. लाकूड भडकतं आणि बसतं, गोवरी धगधगत राहते. एक तास धरून ठेवायचंय ना, मग त्याहून सोयीचं काय.

ऐरण

गोवरी तेवढी तापत नाही हो. भाकरी भाजेल, पोलाद नाही.

वैद्यबुवा_नव्हे

असं कसं म्हणता. भस्मं करणारे वैद्य गजपुट लावतात ते गोवऱ्यांचंच असतं. जमिनीत हात-दीड हाताचा चौकोनी खड्डा, खाली गोवऱ्या, मध्ये मातीच्या दोन परळांचं संपुट कापडमातीने लिंपून, वर परत गोवऱ्या. लोह भस्म, अभ्रक भस्म त्यातच होतं. आमच्या आजोबांकडे मी लहानपणी बघितलंय, आतलं संपुट लालभडक व्हायचं. सुट्या दोन गोवऱ्या पेटवून बघाल तर तापणार नाहीतच, रचून खड्ड्यात कोंडल्या की गोष्ट वेगळी.

भट्टीकाका

बुवा, तुम्ही एका दगडात दोन पक्षी मारलेत आणि दुसऱ्याकडे तुमचंच लक्ष नाही. ते परळांचं संपुट! उघड्या आगीत कानस तासभर ठेवली की वरचे पोपडे निघतात आणि पृष्ठभागातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनबरोबर निघून जातो. वरचा थर साध्या लोखंडासारखा होतो, मग पुढे कितीही पाणी द्या (लाल करून झटकन थंड करा) तो कडक होत नाही. तुमच्या संपुटात कानस ठेवून भोवती लाकडी कोळशाची पूड भरली तर दोन्ही टळतं, आणि संपुट जाड असल्याने थंडही सावकाश होतं. कुंभाराची माती, त्यात थोडी राख आणि भुसा, कानशीभोवती बोटभर थर लिंपायचा, दोन दिवस सावलीत वाळवायचा. ओला टाकला तर फुटणार. माती झिरपते म्हणून आतल्या वाफेला वाट मिळते, तेच काम झाकण घट्ट बसवलेल्या लोखंडी डब्यात किंवा दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या पाइपात करू नका, तो फटाका आहे. पाइप घ्यायचाच तर एक टोक मातीने बुजवा, तेही सैल.

तांबूस

टाकणखार चालेल का वर? आम्ही झाळणीला वापरतो.

भट्टीकाका

चालतो, पोपडे कमी होतात, पण नंतर काच होऊन चिकटतो, गरम पाण्यात ठेवून काढत बसावा लागतो. भोकं पाडायची आहेत तर माती बरी.

अट्टल_भिया

एक गंभीर सूचना करतो, आश्चर्य वाटून घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकाने आगीत मोटारसायकलचा शॉकॲब्सॉर्बर टाकला होता, आतला रॉड हवा म्हणून. नशीब, तो चहा आणायला गेलेला. चूल गेली.

भट्टीकाका

भिया आज कामाचं बोलला. शॉकॲब्सॉर्बर, गॅसचा दांडा, काहीही जे बंद आहे आणि आत तेल किंवा वायू आहे ते आगीत जात नाही. काही इंजिनांच्या पोकळ व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलेलं असतं, तेही नाही. आणि जस्ताचा मुलामा असलेलं, म्हणजे जी.आय. पाइप, पत्र्याची पट्टी, चंदेरी बोल्ट, हे तर अजिबात नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं पण त्याआधीच पांढरा धूर सुरू होतो, तो ओढला की रात्री हिव भरून ताप येतो. पिवळट झाक असलेले जुने बोल्ट आणि क्रोमवालेही बाजूला ठेवा. भंगारातून आणताय ना, मग हा निवडानिवडीचा भाग आळसाने करू नका.

रंधेवाला

बुवा आणि काकांचं ऐकून संपुट केलं. कुंभाराकडून माती आणली, पाच कानशी, मोठ्या तीन एकत्र लिंपल्या, दोन लहान सुट्या राखेत ठेवल्या तुलना करायला. संध्याकाळी चूल पेटवली, बाभळीचे निखारे झाल्यावर कडेने कंडे रचले. सुट्या कानशींना चुंबक लावून बघत होतो, थांबलं चिकटायचं की ड्रायर बंद केला, वर राख ओढली, सकाळी उघडलं. निकाल असा की संपुटातल्या तिन्ही मस्त, दुसरी कानस फिरवली की चावते, भुकटी पडते, आणि ५ मिमीचं भोक साध्या ड्रिलने आरपार, तेलाचे थेंब टाकत टाकत. सुट्यातली जाड बरी झाली. पण सगळ्यात पातळ, ती सहा इंची, मधून नरम आणि टोकाला अजूनही घसरते. एकाच राखेत होत्या दोन्ही! हे कसं?

भट्टीकाका

पातळ टोकात उष्णता साठवायला जागाच नाही. दोन शक्यता. एक तर टोक निखाऱ्याच्या बाहेर होतं आणि ७०० पर्यंत गेलंच नाही, जुना कडकपणा तसाच राहिला. किंवा गेलं, पण राख थंड होती म्हणून भरभर उतरलं. कानशीच्या साध्या पोलादाला कडक व्हायला फार झटका लागतो, पाण्यासारखा, म्हणून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते. टोकावर जुन्या दातांचा रंग कसा आहे बघा, पोपडा नीट धरला नसेल तर ते तापलंच नव्हतं.

पुढच्या वेळी एक सोपी युक्ती. पातळ तुकडा एकटा ठेवू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना जाड लोखंडाचे तुकडे, ट्रकची जुनी पिन, सळईचे जाड गज, काहीही, तेही तितकेच लाल करून तारेने बांधून एकत्र पुरा. त्या जाड तुकड्यांची उष्णता पातळ्याला धरून ठेवते. राख आधी गरम आणि कोरडी हवी, पावसात भिजून गोळे झालेली राख ही राख नव्हेच. आणि वाळू नको, थंड वाळू उष्णता भराभर ओढून घेते, राख हवा धरून बसते म्हणून ती सोडत नाही.

रंधेवाला

बरोबर काका, टोकाला दात स्वच्छ चमकतायत. तापलंच नव्हतं.

कमानीवाला, उज्जैन

उशिरा आलो. माझ्याकडे बेअरिंगच्या रिंगा, पॉवर हॅकसॉची तुटकी पाती आणि कमानीचे पट्टे आहेत. सगळं एकाच आगीत टाकू का?

भट्टीकाका

पट्टे हो, रिंगा सांभाळून, पॉवर हॅकसॉ नाही. बेअरिंगची रिंग बहुतेक ईएन ३१ जातीच्या पोलादाची, १ टक्का कार्बन आणि जवळपास १.४ टक्के क्रोमियम, क्रोमियममुळे ती कमी वेगाने थंड केली तरी कडक राहायला बघते, म्हणून तिला ७०० च्या खाली मंद लालवर लांबलचक ठेवणं हाच खरा उपाय, निखारे पुन्हा पुन्हा भरत. पॉवर हॅकसॉचं पातं सहसा हायस्पीड स्टील असतं, त्यात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम. ते हवेतच कडक होतं. राखेत पुरून उपयोग नाही, त्याला भट्टीत साडेआठशेच्या वर नेऊन तासाला दहा-वीस अंशांनी खाली आणावं लागतं. डी२ वगैरे डायचं पोलादही तसंच. अशा पातीला भोक हवं असेल तर कार्बाइडचं ड्रिल घ्या किंवा ग्राइंडरनेच खाच काढा, चुलीची लाकडं वाया घालवू नका.

कमानीवाला

ओळखायचं कसं, सगळं गंजून एकाच रंगाचं झालंय.

ऐरण

हे मी सांगतो, हे आमच्याकडे रोजचं आहे. ग्राइंडरला लावा आणि ठिणग्या बघा, मागे काळोख हवा. साधं लोखंड, सळई वगैरे, त्याच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळ्या, फारशा फुटत नाहीत. कमानीचा पट्टा टोकाला फुटतो. कानस तर फुलबाजीच, चाकाजवळच दाट फुटते. आणि ते हायस्पीड लावलं तर मोजक्याच, मंद लालसर, रेषेसारख्या ठिणग्या, फुटणं जवळजवळ नाहीच. एकदा चारही शेजारी शेजारी लावून बघितले की विसरत नाही माणूस. सळई नरम करायला आणू नका मात्र, ती आधीच नरम, आणि तिच्यात एवढा कार्बनच नसतो की धार धरेल.

भट्टीकाका

ऐरण एकदम बरोबर. एक भर, कानस मोडून आतल्या भागाचीही ठिणगी बघा. काही स्वस्त कानशींना फक्त वरून कार्बन दिलेला असतो, आत साधं लोखंड. त्याचं पातं केलंत तर घासून वरचा थर गेला की संपलं.

वैद्यबुवा_नव्हे

कार्बन नसलेल्या लोखंडावरून आठवलं, तुमच्या शेजारी धारला लाट मशिदीत तो लोखंडी खांब पडलाय ना, तीन तुकड्यांत. लोक राजा भोजाशी जोडतात. तुकडे जोडले तर १३ मीटरच्या वर भरतो म्हणे. त्याला पाणी देता आलं असतं का हो काका?

भट्टीकाका

नाही. तो छोटे छोटे गोळे तापवून ठोकून जोडलेला घडीव लोखंडाचा आहे, कार्बन नगण्य. पण एवढा मोठा खांब लाकडी कोळशावर जोडला हे बघितलं की माझी सगळी नोकरी मला जरा लहान वाटते. इंदूरपासून दीड-दोन तासांवर आहे, न बघितलेल्यांनी जा. विषयांतर झालं, माफी.

शेगडीवाली

माझंही झालं बरं का! गच्चीवर विटा, वाळू, शेगडी. दोन्ही हत्यारं मातीत लिंपून, बाजूला काकांच्या सांगण्यावरून एक जाड बोल्ट (काळा, मुलामा नसलेला, विचारून घेतला). सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, म्हटलं कणसं भाजतेय. त्यांनाही एक दिलं. आता हत्यारं हाताने घासून आकार देतेय, कानस छान चावतेय.

अट्टल_भिया

सेक्रेटरीला कणीस देऊन ॲनिल केलं. वा ताई!

रंधेवाला

आता पुढचं. चाकूचा आकार झाला, भोकं झाली. परत कडक करायचं तर पाणी द्यायचं की तेल? कोणी म्हणतं सरसोंचं तेल, कोणी म्हणतं जुनं इंजिन ऑइल.

भट्टीकाका

त्याआधी वरचा थर घासून काढा, अर्धा मिलिमीटर तरी, संपुटात असला तरी थोडा कार्बन गेलेला असतो. रंध्याच्या पात्याची सपाट बाजू तर नक्कीच. जुनं इंजिन ऑइल नको, त्यात धातूची भुकटी आणि नको ती रसायनं असतात, भडका उडाला की तो धूर तुम्हीच ओढणार. सरसोंचं चालतं, आधी ५० अंशांच्या आसपास गरम करून, झाकण हाताशी ठेवून. जाड पात्याला कदाचित तेल कमी पडेल आणि पाणी लागेल, पण पाण्यात पातळ चाकू तडकतो. कडक झाल्यावर लगेच २०० अंशांच्या आसपास, घरच्या ओव्हनमध्येही होतं, तासभर, फिकट गवती रंग येईपर्यंत. नाहीतर पडला की दोन तुकडे.

संपादक

चर्चा उत्तम चालली आहे, पण पाणी देण्यावर आधीच दोन प्रतिसाद आलेत आणि आणखी येणार. रंधेवाले, कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा, म्हणजे शोधणाऱ्यांना सापडेल. हा धागा ॲनिलिंगपुरता ठेवूया.

रंधेवाला

काढतो रविवारी, तेव्हा चाकूचे फोटोही टाकतो. उज्जैनवाले दादा, तुमच्याकडे ट्रकच्या जाड पिना असतील तर एक-दोन मला हव्यात, संपुटात पातळ कानशींबरोबर ठेवायला.

कमानीवाला

आहेत, पण आधी ग्राइंडरला लावून बघतो काय आहेत ते. इंदूरला आलो की आणतो.